श्रीपाद : पायऱ्यांचा इतिहास

लंका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अशोकवन, मारुतीची शेपटी आणि सोन्याची जळणारी नगरी एवढेच उभे राहते. परंतु त्या बेटाच्या डोंगराळ प्रदेशात एक असे शिखर आहे की, ज्याच्या ओढीने शेकडो वर्षे माणसे रानवाटा तुडवीत आली आहेत. त्याची उंची २,२४३ मीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने ७,३५९ फूट. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे चढणीची कल्पना यावी. लंकेतील सर्वांत उंच शिखर मात्र हे नव्हे. तो मान पिदुरुतलागल या पर्वताचा. तथापि हे शिखर सुट्या सुळक्यासारखे उभे असल्याने दुरून चटकन ओळखू येते, आणि जुन्या काळी समुद्रातून येणाऱ्या खलाशांना लंकेची पहिली खूण तेच दाखवीत असे.

या शिखराच्या माथ्यावर खडकात पावलासारखा एक खळगा आहे, पाच-साडेपाच फूट लांबीचा. ते पाऊल कोणाचे, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे दिले आहे. बौद्ध त्याला भगवान बुद्धाचे पाऊल मानतात आणि शिखराला ‘श्रीपाद’ म्हणतात. तमिळ हिंदू त्याला शिवाचे पाऊल मानतात. मुसलमानांच्या समजुतीप्रमाणे स्वर्गातून उतरलेल्या आदमने येथे पहिले पाऊल टेकले, आणि काही ख्रिस्ती लोकांनी त्याचा संबंध संत थॉमसशी जोडला. सिंहली भाषेत याचे आणखी एक गोड नाव आहे, ‘समनल कंद’, म्हणजे फुलपाखरांचा डोंगर. पाऊल एक, त्यावर हक्क सांगणारे चौघे, आणि चढायच्या पायऱ्या मात्र सर्वांना सारख्याच!

आमच्या मंडळाच्या आम्ही अकराजणी २०२४ च्या फेब्रुवारीत तेथे गेलो. तेथील यात्रेचा हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातील वैशाखी पौर्णिमेपर्यंत असतो. पावसाळ्यात सारे ढगांत बुडते, म्हणून हे दिवस निवडले. आमच्यात सर्वांत धाकटी बावन्न वर्षांची, तर सर्वांत वडील आक्का चौऱ्याहत्तर वर्षांच्या. पायथ्याच्या नल्लतण्णी गावात आमच्या गाडीवानाने आक्कांकडे पाहून हळूच विचारले, “या आजी खोलीवरच थांबणार ना?” आक्कांना प्रश्न समजला. त्या म्हणाल्या, “त्याला सांगा, जिथवर पाय नेतील तिथवर जाईन. पुढचे पुढे.” आमच्यापैकी दोघी-तिघींच्या मनात गाडीवानाचेच म्हणणे होते. एकीमुळे सगळ्यांचा सूर्योदय चुकायचा, अशी कुजबुजही झाली. अखेर मध्यरात्रीच्या किती तरी आधी, साडेदहालाच निघायचे आणि सावकाश चढायचे, असे ठरले.

या बाजूने वाट सुमारे सात किलोमीटरांची, आणि पायऱ्या साडेपाच हजारांच्या आसपास. हंगामात ती रात्रभर दिव्यांनी उजळलेली असते. खाली उभे राहून वर पाहिले की काळ्या आकाशात दिव्यांची एक वेडीवाकडी माळ चढत गेलेली दिसते, आणि तिचे वरचे टोक एवढे उंच असते की ते दिवे नसून तारेच आहेत असे वाटते. आमच्यातली एक म्हणाली, “वर बघायचेच नाही. पुढच्या पायरीकडे बघायचे.” हा मंत्र आम्ही शेवटपर्यंत पाळला.

आरंभीची वाट चहाच्या मळ्यांतून जाते. या मळ्यांचाही इतिहास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. इंग्रजांच्या अमदानीत या डोंगरांवर प्रथम कॉफी लावली गेली. १८६९ नंतर कॉफीवर पानांचा रोग पडला आणि तिची जागा चहाने घेतली. १८८४ मध्ये आगगाडी हॅटनपर्यंत पोचली, आणि ही उत्तरेकडील वाट यात्रेकरूंना सोयीची झाली. मळ्यांत राबण्यासाठी दक्षिण हिंदुस्थानातून तमिळ मजूर आणले गेले. पाठीवर टोपली बांधून पाने खुडणाऱ्या बहुतेक बायकाच. ज्यांच्या श्रमावर त्या देशाची तिजोरी भरली, त्यांपैकी बहुसंख्यांना १९४८ च्या कायद्याने नागरिकत्व नाकारले गेले. तो प्रश्न पुढे टप्प्याटप्प्याने सुटत २००३ च्या कायद्यापर्यंत आला. ज्या आया-आज्यांनी या डोंगराचा उतार हिरवा केला, त्यांना इथे आपले म्हणवून घ्यायला अर्धशतकाहून अधिक वाट पाहावी लागली. रात्रीच्या अंधारात त्या मळ्यांतून जाताना चहाच्या कपाकडे पाहण्याची माझी दृष्टी थोडी बदलली, हे खरे.

पुढे ‘सीत गंगुल’ नावाचा ओढा लागतो. पाणी असे गार की बोटे बधिर होतात. यात्रेकरू येथे हातपाय धुतात, काही स्नानही करतात, आणि मग पवित्र वाटेला लागतात. त्याच्यावर ‘गेत्तम्पान’ नावाची जागा आहे. येथे बुद्धाने थांबून आपले फाटलेले चीवर शिवले, अशी कथा सांगतात. म्हणून प्रत्येक यात्रेकरू येथे दोरा ओवलेली सुई वाहतो, आणि पुष्कळजण पांढऱ्या दोऱ्याची गुंडी उलगडीत वर चढतात. वाटेच्या कडेला अशा हजारो दोऱ्यांचा जाडजूड पट्टा झालेला आम्ही पाहिला. सुईदोरा हे आपल्या रोजच्या डब्यातले सामान, परंतु ते देवाला वाहिलेले मी प्रथमच पाहिले. जगज्जेत्यांच्या तलवारी वाहिलेली देवळे पुष्कळ आहेत. फाटके शिवण्याच्या कामाला तीर्थाचा मान देणारी जागा विरळाच.

येथील यात्रेकरूंची रीत आपल्या दिंडीची आठवण करून देते. गावोगावचे जथे एका जाणत्या माणसाच्या मागून येतात, आणि पहिल्यांदाच येणाऱ्यांना वेगळे नाव असते. वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना भेटले की “करुणावयि” असे म्हणतात. करुणा असो, असा त्याचा भाव. खाली उतरणाऱ्या एका आजीबाईंनी आक्कांकडे पाहून हात जोडले आणि हाच शब्द उच्चारला. आक्कांनी तो तत्काळ उचलला. पुढे त्या प्रत्येकाला तो म्हणू लागल्या, आणि प्रत्येकाने हसून परत दिला.

आता या वाटेच्या इतिहासाकडे वळते. सिंहली लोकांच्या ‘महावंश’ या पाली ग्रंथात बुद्धाने सुमनकूटावर पाऊल उमटविल्याचा उल्लेख आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्षू फा हिएन लंकेत दोन वर्षे राहिला. त्यानेही डोंगरमाथ्यावरील पावलाची नोंद केली आहे. परंतु मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो अकराव्या शतकातील राजा पहिला विजयबाहू (१०५५–१११०). चोळांचे राज्य उलथून त्याने १०७० मध्ये पोलोन्नरुव घेतले, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव आहे. पण त्याची दुसरी कामगिरी अशी की, श्रीपादाला जाणाऱ्या लोकांचे अन्नावाचून हाल होतात हे पाहून त्याने रत्नपूरच्या बाजूचे गिलीमले हे भातशेतीचे गाव यात्रेकरूंच्या जेवणासाठी लावून दिले. दुसऱ्या वाटांवरही अशीच गावे देऊन तसे दगडी लेख उभारले. अंबगमुव येथे त्याचा शिलालेख आजही आहे. त्या काळची वाट म्हणजे जळवा, हत्ती आणि हिवताप यांची. अशा वाटेवर शिजलेल्या भाताचे मोल काय असेल, हे चूल सांभाळणाऱ्या बाईला सांगायला नको.

याच शिलालेखात आणखी एक गोष्ट आहे. पावलाच्या चौथऱ्याखाली, हीन मानलेल्या जातींच्या लोकांना वंदन करता यावे म्हणून राजाने एक वेगळा, खालचा चौथरा बांधविला. ही दया म्हणावी की भेद? मला वाटते, दोन्ही. त्यांनाही वर येऊ द्यावे, एवढे त्या राजाला कळले. त्यांनी शेजारी उभे राहावे, एवढे मात्र कळले नाही. त्याला हसण्याचे आपल्याला कारण नाही. आपल्या पंढरपूरच्या विठोबाचे दार सर्वांना उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले, आणि विजयबाहू त्याच्या साडेआठशे वर्षे आधीचा.

विजयबाहूनंतर निश्शंकमल्ल (११८७–११९६) हा राजा सैन्यासह येथे येऊन गेला. शिखराखालच्या गुहेत त्याचा लेख आहे. तेराव्या शतकात दुसऱ्या पराक्रमबाहूचा मंत्री देवपतिराज याने या वाटेवर नद्यांना पूल बांधले, विश्रांतीची घरे उभारली. कड्यावर धरायला लोखंडी साखळ्या होत्या. मार्को पोलोने त्यांचा उल्लेख केला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या राजसिंहाने या स्थानाची व्यवस्था शैव साधूंकडे सोपविली, आणि अठराव्या शतकात कीर्ती श्री राजसिंहाने ती पुन्हा बौद्ध भिक्षूंकडे दिली. राजे बदलले, पुजारी बदलले, पण भाताची, पुलाची आणि साखळीची गरज कोणालाही चुकली नाही. डोंगराचा खरा इतिहास माथ्यावरच्या पावलापेक्षा वाटेवरच्या या सोयींत आहे, असे मला चढताना वारंवार वाटत होते.

१३४४ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मालदीवहून लंकेस आला. नऊ दिवसांच्या अंतरावरून हे शिखर धुराच्या खांबासारखे दिसले, असे त्याने लिहून ठेवले आहे. तेथील तमिळ राजाने त्याच्याबरोबर जोगी आणि ब्राह्मण दिले. एका मुसलमान प्रवाशाला आदमचे पाऊल दाखवायला जोगी-ब्राह्मणांनी वाट काढली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे! त्याने दोन वाटा सांगितल्या आहेत : एक ‘बाबा’ची, दुसरी ‘मामा’ची. हा मामा म्हणजे आपल्या आईचा भाऊ नव्हे. बाबा म्हणजे आदम आणि मामा म्हणजे हव्वा, त्याची बायको. बाबाची वाट कड्याची आणि कठीण. मामाची वाट सोपी, परतताना घ्यायची. आणि जो जातानाही मामाच्या वाटेने जाईल, त्याची यात्रा झालीच नाही असे मानीत, असे तो सांगतो.

सोप्या वाटेला बाईचे नाव द्यायचे आणि मग ती वाट हिशेबात धरायची नाही, ही रीत सातशे वर्षांपूर्वीची आहे असे वाचून आमच्यात बराच हशा पिकला होता. पण हसणे ओसरल्यावर ती गोष्ट मनात राहिली, कारण त्याच रात्री आम्हांला तिचा प्रत्यय आला.

वाटेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग चढून झाल्यावर पायऱ्या फार उंच होतात. एका चहाच्या टपरीपाशी आक्का बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “माझे शिखर हे.” त्यांचा आवाज अगदी शांत होता. त्यांच्याजवळ कोणी थांबायचे, हा प्रश्न कोणी विचारण्यापूर्वीच आमच्यातली एक त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिचे गुडघे उत्तम होते, चढण्याची हौसही मोठी होती. तिने शाल सोडून दोघींच्या अंगावर घेतली आणि आम्हांला हातानेच ‘जा’ म्हणून खुणावले. आम्ही नऊजणी पुढे निघालो.

शेवटचा चढ म्हणजे जवळजवळ शिडीच. दोन्ही बाजूंना कठडे आहेत. ते धरून माणसांची रांग एकेक पायरी सरकते. आमच्या पुढे एक सिंहली आजी अनवाणी चालली होती. दोन नातवंडांनी तिला दोन्ही बाजूंनी धरले होते, आणि मागे-पुढे कोणीही घाई करीत नव्हते. साडेपाचला आम्ही माथ्यावर पोचलो. वारा असा की स्वेटरातून हाडांपर्यंत जाईल. माथ्यावर एक घंटा आहे. ज्याची जितकी वारी झाली असेल, तितके ठोके त्याने द्यायचे. आम्ही प्रत्येकीने एकेक दिला. त्या आजीने देण्यास सुरुवात केली आणि मी मोजीत गेले. सतरा ठोके झाले.

पावलाचे दर्शन घेतले. खरी खूण खालच्या शिळेवर असून ती झाकलेली आहे, दिसते ती वरची आकृती, असे सांगतात. साडेसहाच्या सुमारास ढोल वाजू लागले आणि पूर्वेकडे ढगांच्या समुद्रातून सूर्य वर आला. सूर्यही या पावलाला वंदन करतो, अशी येथील लोकांची भावना आहे. मग सारी गर्दी पश्चिमेकडे वळली. तिकडे धुक्यावर शिखराची सावली पडली होती, रेखीव त्रिकोणासारखी. हा चमत्कार नव्हे. सूर्य क्षितिजाजवळ असताना उंच डोंगराची सावली मैलोगणती लांब पडते, आणि आगगाडीचे समांतर रूळ जसे दूर एकत्र आल्यासारखे दिसतात, तशा तिच्या दोन्ही कडा दूर जुळलेल्या दिसतात. डोंगर कसाही ओबडधोबड असो, सावली त्रिकोणीच दिसायची. कारण कळल्याने माझा आनंद काही कमी झाला नाही.

मी त्या माथ्यावर उभी असताना १८१७ सालची एक हकीकत आठवत होते. जॉन डेव्ही नावाचा इंग्रज लष्करी डॉक्टर त्या वर्षी रत्नपूरच्या बाजूने चढून आला. प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांचा हा भाऊ. त्याने पावलाची मापे घेतली, हवेचे निरीक्षण केले. पण त्याच्या पुस्तकातला मला सर्वांत भावलेला भाग यात्रेकरूंविषयीचा आहे. पूजा झाल्यावर त्या लोकांनी एकमेकांना वंदन केले. एका पांढऱ्या केसांच्या बाईने प्रथम एका वृद्ध पुरुषाला नमस्कार केला. तिला रडू फुटले, आणि त्याने तिला मायेने उठविले. मग मध्यम वयाच्या लोकांनी त्या दोघांना नमस्कार केला, त्यांना तरुणांनी, आणि शेवटी सर्वांनी एकमेकांना विड्याची पाने दिली.

या डोंगराच्या इतिहासात विजयबाहू, निश्शंकमल्ल, देवपतिराज ही नावे दगडावर आणि ग्रंथांत कोरलेली आहेत. त्या पांढऱ्या केसांच्या बाईचे नाव कोणी विचारले नाही. परंतु दिवे नव्हते, सिमेंटच्या पायऱ्या नव्हत्या, अशा काळी ती तेथे पोचली होती, एवढे आज आपल्याला निश्चित ठाऊक आहे. ती कशी पोचली असेल? अर्थात कोणी तरी तिच्यासाठी हळू चालले असेल, कोणी तरी ओढ्यापाशी भात शिजविला असेल, कोणी साखळीवर तिचा हात नेऊन ठेवला असेल. विजयबाहूने गाव लावून दिले, तेव्हा त्याच्या नजरेसमोर अशीच माणसे असली पाहिजेत. धडधाकट तरुणाला राजाच्या भाताची तितकीशी गरज नसते.

आम्ही उतरलो तेव्हा ऊन चांगले वर आले होते. टपरीवर आक्का आणि त्यांची सोबतीण बसलेल्या होत्या. टपरीवाल्या बाईंच्या लेकराला मांडीवर घेऊन आक्का त्याला ‘चांदोमामा’ शिकवीत होत्या. त्यांच्यापुढून रात्रभरात शेकडो माणसे वर गेली आणि खाली आली. प्रत्येकाला त्यांनी “करुणावयि” म्हटले होते. टपरीवाल्या बाईंनी आमच्याकडून त्यांच्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

परत आल्यावर मंडळाच्या वार्षिक अहवालात सहलीची नोंद करण्याचा प्रसंग आला. कच्च्या मसुद्यात वाक्य होते, “अकरा सभासदांपैकी नऊ जणींनी श्रीपादाची यात्रा पूर्ण केली.” वाक्यात खोटे काही नव्हते. कार्यकारिणीच्या सभेत त्यावर अर्धा तास बोलणे झाले. एक सभासद म्हणाल्या की, चढल्या त्यांचे कौतुक व्हायला नको का? रास्त प्रश्न होता. मी म्हणाले, कौतुक अवश्य व्हावे, पण यात्रा कोणाची झाली आणि कोणाची नाही हे ठरविण्याचे काम आपण इब्न बतूताच्या काळातल्या लोकांकडेच राहू द्यावे. जी वर जाऊ शकत होती आणि दुसरीसाठी खाली थांबली, तिला अपूर्णांत टाकायचे असेल, तर मग गिलीमलेच्या शेतात भात पिकविणाऱ्यांनाही त्याच रकान्यात घालावे लागेल. तेही कधी माथ्यावर गेले असतील-नसतील. त्यांच्या भातावर मात्र असंख्य लोक गेले.

आक्का त्या सभेला हजर होत्या. त्यांनी कोणतीच बाजू घेतली नाही. शेवटी एवढेच म्हणाल्या, “पुढच्या वर्षी कुठे न्यायचे ते ठरवा. मला पायऱ्यांची भीती नाही, मागे ठेवण्याची आहे.”

मसुदा दुरुस्त झाला. या स्मरणिकेच्या अहवालात आता असे छापले आहे : “मंडळाच्या अकरा सभासदांनी श्रीपादाची यात्रा केली.” त्याखाली अकरा नावे आहेत, वयाच्या क्रमाने, आणि पहिले नाव आक्कांचे आहे.